फोटोमागे लिहिलेली नावे

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जुनी घड्याळे आणि पितळी भांडी यांच्या शेजारी कधीकधी फोटोंचा एखादा ढीग विकायला मांडलेला दिसतो. लग्नातले वधूवर, मुंजीतला बटू, खुर्चीवर बसलेले आजोबा आणि त्यांच्या मागे उभी असलेली मुले, स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे एकमेकींना खेटून बसलेल्या दोन बहिणी. हे फोटो कोणी चोरून आणलेले नसतात. वाडा पाडायला निघाला, चाळीचा पुनर्विकास ठरला, आजी गेल्यावर तिचे कपाट रिकामे करायची वेळ आली, आणि वारसांपैकी कोणालाच त्या चेहऱ्यांची ओळख पटली नाही, म्हणून ते रद्दीबरोबर घराबाहेर पडलेले असतात. त्यातले पुष्कळसे फोटो अगदी सुस्थितीत असतात. कागद शाबूत असतो, चेहरे स्पष्ट असतात, लुगड्याचा काठही दिसतो. फक्त ही माणसे कोण होती, हे सांगणारे कोणी उरलेले नसते.

कौटुंबिक फोटोविषयी बोलताना आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो, ती अशी की फोटो काढला म्हणजे आठवण जपली गेली. हे गृहीतक चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. फोटो एका क्षणाचे दृश्य जपतो. आठवण जपतो तो त्या फोटोविषयी बोलणारा माणूस, आणि तो माणूस गेल्यानंतर त्याने लिहून ठेवलेली नोंद. अशी नोंद ठेवण्याचे काम आपण मराठी समाज म्हणून फार तुरळक केले आहे. यापुढे ते केवळ एकेका घराच्या हौसेवर सोडून चालणार नाही, सार्वजनिक संस्थांनी ते आपले काम म्हणून हाती घेतले पाहिजे, हा या लेखाचा आग्रह आहे.

महाराष्ट्राला फोटोग्राफी काही काल-परवा कळलेली नाही. पॅरिसमध्ये १८३९ साली या तंत्राची जाहीर घोषणा झाली आणि त्यानंतर पंधराच वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते आणि स्वतः छायाचित्रे काढत असत. सर्वसामान्य मराठी घरापर्यंत फोटो पोचायला मात्र पुढे कित्येक दशके लागली, आणि पोचला तेव्हाही तो प्रसंगापुरताच. तालुक्याच्या गावी एखादा स्टुडिओ असे. तिथे ठेवणीतले कपडे घालून जायचे, श्वास रोखून बसायचे, आणि प्रत हातात यायला आठवडाभर वाट पाहायची. मुलीचे लग्न जमवायला एक फोटो, गिरणीत लागलेल्या मुलाने ख्यालीखुशालीच्या पत्रासोबत गावी पाठवलेला एक फोटो, आणि वय झालेल्या माणसाचा ‘असू दे एक घरात’ म्हणून काढून ठेवलेला एक फोटो, एवढ्यात कित्येक कुटुंबांची सारी चित्रसंपत्ती संपत असे. पुढे बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री हा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत आला. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत, आणि त्या बारांत सहल, वाढदिवस, मामाकडची सुट्टी आणि गणपती हे सगळे बसवावे लागे.

या टंचाईचा एक परिणाम फार मोलाचा होता. फोटो थोडे असल्यामुळे प्रत्येक फोटो पुन्हा पुन्हा पाहिला जाई आणि त्याविषयी बोलले जाई. काळ्या जाड कागदाची पाने, फोटोच्या चार टोकांना बसवलेले त्रिकोणी कॉर्नर आणि दोन पानांमध्ये सरकन वाजणारा बटर पेपर असा तो अल्बम पाहुणे आले की कपाटातून निघे. नव्या सुनेला सासरचा गोतावळा त्याच्यावरूनच उलगडत असे: हे मोठे काका, या त्यांच्या पहिल्या पत्नी, हा मुलगा पुढे नागपूरला गेला. सांगणाऱ्याचे तपशील प्रत्येक वेळी तेच असत असे नाही, त्यात भर पडे, कुरघोडी चाले, एखादी आत्या मध्येच ‘ते तसे नव्हते’ म्हणून दुरुस्ती करी. पण या बोलण्यातूनच चेहऱ्याला नाव आणि नावाला गोष्ट चिकटून राहत असे.

आमच्या घरातल्या अशाच एका फोटोच्या मागच्या बाजूला स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे आणि त्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, तीन ओळी लिहिलेल्या आहेत. पहिल्या ओळीत मुंजीचा महिना आणि शके आहे. दुसऱ्या ओळीत डावीकडून उजवीकडे माणसांची घरगुती नावे आहेत. तिसऱ्या ओळीत एवढेच म्हटले आहे: ‘ताप होता म्हणून बाळी नाही.’ समोरच्या बाजूला कितीही वेळ निरखून पाहिले, तरी ही तिसरी ओळ तिथे सापडणार नाही. जे घडले ते कॅमेऱ्याला दिसले, पण जी मुलगी त्या दिवशी आतल्या खोलीत अंथरुणावर पडून बाहेरचा गलबला ऐकत होती, ती केवळ या पाच शब्दांमुळे त्या समारंभात राहिली. नोंद म्हणजे काय आणि ती का हवी, हे याहून नेमके मला सांगता येणार नाही.

फोटो आणि आठवण यांच्यातले नाते किती निसरडे आहे, हे मानसशास्त्रातल्या काही प्रयोगांनी चांगले दाखवून दिले आहे. किंबर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वीस प्रौढ व्यक्तींना त्यांच्याच बालपणीचे, त्यांच्या घरच्यांकडून मिळवलेले फोटो दाखवण्यात आले. त्यांत एक फोटो बनावट होता: ती व्यक्ती लहानपणी घरच्या माणसाबरोबर गरम हवेच्या बलूनमध्ये बसली आहे, असे त्यात दिसत होते. प्रत्यक्षात अशी सफर कधीच झालेली नव्हती. प्रत्येकाची तीन वेळा मुलाखत घेतली गेली आणि शेवटी निम्म्या लोकांना त्या न झालेल्या सफरीतले काही ना काही ‘आठवू’ लागले. ही माणसे खोटे बोलत नव्हती. समोर पुरावा आहे म्हटल्यावर मनाने त्याला साजेशी आठवण घडवून दिली होती. म्हणजे ज्या फोटोला आपण स्मृतीचा साक्षीदार समजतो, तो स्मृतीचा कर्ताही असू शकतो.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातल्या लिंडा हेन्केल यांचा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवले, काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा ज्यांचे फोटो काढले होते त्या वस्तू आणि त्यांचे तपशील तुलनेने कमी आठवले. परंतु वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला असेल, तर मात्र हा तोटा दिसला नाही. या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. फोटो काढण्याच्या कृतीने आठवण आपोआप दुबळी होत नाही. लक्ष काढून घेऊन सगळा भार यंत्रावर टाकला की ती दुबळी होते. कॅमेरा जवळ नेणारा माणूस निवड करत असतो, आणि निवड करताना पाहत असतो.

याला आणखी एक गोष्ट जोडली पाहिजे. जी आठवण पुन्हा पुन्हा उजळली जाते ती पक्की होते, आणि त्याच काळातल्या न उजळलेल्या आठवणी हळूहळू मागे सरतात. म्हणून घरात कोणते फोटो आहेत आणि कोणते नाहीत, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. कुटुंबाने काय लक्षात ठेवायचे आणि काय विसरायचे, याचा निर्णय अल्बम न बोलता करून टाकत असतो.

मराठी घरांतले अल्बम या दृष्टीने पाहिले तर त्यांतल्या गाळलेल्या जागा डोळ्यांत भरतात. बारसे आहे, मुंज आहे, डोहाळजेवण आहे, लग्न तर आहेच. आजारपण नाही, कर्ज नाही, वाटणीचे भांडण नाही, आणि बहुतेक ठिकाणी रोजचे कामही नाही. आयुष्याची तीस वर्षे साचा, म्हणजे कापड विणण्याचा माग, चालवण्यात गेलेल्या गिरणी कामगाराचा साच्यापाशी उभा असलेला फोटो त्याच्या घरी क्वचितच सापडतो; सापडतो तो कोट घालून, स्टुडिओतल्या उसन्या खुर्चीवर हात ठेवून काढलेला. चुलीपाशी बसलेली आजी कोणी टिपली नाही, कारण चुलीपाशी बसणे हा प्रसंग नव्हता. ज्या घरांत विधवा बाईला मंगल कार्यापासून लांब ठेवण्याची रीत होती, त्या घरांत ती कार्यातल्या फोटोंपासूनही लांब राहिली. वर्षानुवर्षे घर सांभाळलेली ती बाई अल्बममध्ये नसते, आणि दोन पिढ्यांनंतर ती घरात होती हेच कोणाला ठाऊक नसते. फोटो काढणारा माणूसही असाच गायब होतो. सहलीच्या प्रत्येक फोटोत वडील नाहीत याचा अर्थ ते सहलीला आले नव्हते असा पुढची पिढी लावू शकते.

जिचा फोटो आहे, त्या बाईचेही नाव पुष्कळदा हरवलेले असते. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव तर बदलेच, पण अनेक समाजांत तिचे पाळण्यातले नावही बदलून सासरचे नवे नाव ठेवत. त्यामुळे माहेरच्या अल्बममधली एक मुलगी आणि सासरच्या अल्बममधली एक सून या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात आणि त्या एकच आहेत हे जोडून दाखवणारा दुवा कोठेच लिहिलेला नसतो. फोटोच्या मागे पुरुषांची नावे असली, तरी स्त्रियांपुढे ‘सौ. वहिनी’ किंवा ‘थोरल्या काकू’ एवढेच असते. ज्याने लिहिले त्याच्या दृष्टीने ते पुरेसे होते, कारण त्याला वहिनी कोण हे माहीत होते. आज ती नोंद वाचणाऱ्याला एक नाते कळते. ती बाई कळत नाही. नोंद ठेवायची तर बाईचे माहेरचे पूर्ण नाव आणि सासरचे पूर्ण नाव अशी दोन्ही नावे लिहिली पाहिजेत, याबाबत मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही.

आणि मग ती कुटुंबे येतात, ज्यांच्याकडे अल्बमच नव्हता. निवडणूक आयोगाने १९९३ पासून फोटो असलेली मतदार ओळखपत्रे देण्याची मोहीम घेतली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या अनेक वयस्कर माणसांचा तो आयुष्यातला पहिला फोटो होता. २०१० साली देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. माणूस गेल्यावर भिंतीवर हार घालायला फोटो हवा म्हणून मतदार ओळखपत्रावरचा किंवा आधार कार्डावरचा तो अर्ध्या इंचाचा चेहरा स्टुडिओत नेऊन मोठा करून घ्यायचा, मागचा पडदा बदलायचा, डोक्याला फेटा किंवा खांद्यावर नवे उपरणे चढवायचे, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही छोट्या शहरातल्या स्टुडिओला नेहमीचे काम आहे. घरच्यांच्या नजरेसमोर वर्षानुवर्षे राहणारा तो चेहरा सरकारी कॅमेऱ्यापुढे, रांगेत उभे राहून, काहीसा धास्तावलेला असा टिपला गेलेला असतो. तो माणूस हसायचा कसा, हे त्याच्या नातवंडांना त्या फोटोवरून कधीच कळणार नाही. ते कोणीतरी सांगावे लागेल.

याच्या अगदी उलट उदाहरण दादरच्या राजगृहातले आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेल्या एका कौटुंबिक फोटोत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई, मुलगा यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद आहेत, आणि सोबत घरातला कुत्रा टॉबी आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाबाईंचे निधन झाले. हा फोटो आज असंख्य घरांत आहे, आणि विशेष हे की त्यातल्या प्रत्येकाचे नाव लोकांना माहीत आहे, कुत्र्याचेसुद्धा. ज्या समाजाच्या हाती कॅमेरा फार उशिरा आला, ज्यांच्या आजी-आजोबांचे स्वतःचे फोटो बहुधा नाहीत, त्या समाजाने एका कुटुंबाचा फोटो आपल्या कुटुंबाचा मानला, त्याची नावे तोंडपाठ ठेवली आणि मुलांना शिकवली. सांगणारे हजारो असले की फोटो मुका होत नाही, याचा यापेक्षा भक्कम दाखला मला ठाऊक नाही. प्रश्न आहे तो ज्यांच्यासाठी असा समाज उभा नाही, त्या साध्या घरांच्या फोटोंचा.

त्या घरांपुढे आज दोन निरनिराळी संकटे आहेत. पहिले कागदाचे. पणजोबांचा कृष्णधवल फोटो शंभर वर्षांनंतरही बऱ्यापैकी टिकलेला दिसतो, कारण त्यातले चित्र चांदीच्या कणांचे असते. १९७० ते १९९० च्या दशकांतले रंगीत फोटो मात्र रासायनिक रंगांचे आहेत. ते रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, निळसर छटा आधी फिकी पडते आणि सगळे चित्र तांबूस होत जाते. त्यातच त्या काळात लोकप्रिय झालेल्या चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिकचा पडदा असलेल्या अल्बमांनी फोटोंचे फार नुकसान केले आहे. तो गोंद पिवळा पडतो आणि फोटोला असा धरून बसतो की काढू जाता फोटोच फाटतो. आजोबांच्या लग्नाचा फोटो स्पष्ट आणि आई-वडिलांच्या लग्नाचा फोटो नाहीसा होत चाललेला, अशी अवस्था अनेक घरांत आहे.

दुसरे संकट मोबाइलचे आहे, आणि ते विपुलतेचे आहे. एका बारशाचे चारशे फोटो निघतात, ते पाच जणांच्या फोनमध्ये विखुरतात, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आले की त्यांचा आकार आक्रसतो आणि त्यांच्यासोबतची मूळ तारीख-वेळेची माहितीही गळून पडते. मूळ फाइलमध्ये तारीख असते, कधी ठिकाणही असते; पण मांडीवर बाळ घेतलेली बाई ही बाळाची पणजी आहे की शेजारच्या काकू, हे कोणतेही यंत्र स्वतःहून लिहीत नाही. साठवणुकीचीही शाश्वती नाही. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यातल्या मजकुरासह पुसून टाकण्याचे धोरण कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. वडील गेले, त्यांच्या खात्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, फोन कुलूपबंद आहे, अशी कुटुंबे आता आपल्या आसपास दिसू लागली आहेत. कपाटातला अल्बम निदान किल्ली नसली तरी उघडता येत होता.

त्यात आता फोटो बदलणे अतिशय सोपे झाले आहे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या एका फोनमध्ये समूहाचे लागोपाठ काढलेले फोटो घेऊन एकाचा चेहरा एका फोटोतून आणि दुसऱ्याचा दुसऱ्यातून उचलून सगळे हसत असलेला एकच फोटो तयार करण्याची सोय होती. आता अशा सोयी सर्रास झाल्या आहेत. यावर असे म्हणता येईल की फोटोत फेरफार पूर्वीही होतच होते. ते खरेच आहे. नवरा-बायकोचा एकत्र फोटो नाही म्हणून दोन वेगळ्या फोटोंतले चेहरे शेजारी बसवून स्टुडिओवाल्याने जोडफोटो करून देणे, किंवा न पाहिलेल्या वडिलांना मुलाशेजारी उभे करणे, हे आपल्याकडे जुनेच आहे. पण त्या जोडफोटोत एक प्रांजळपणा होता. तो जोडलेला आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असे आणि दाखवताना ते सांगितलेही जाई. नवरा गेल्यावर हा करून घेतला, असे बाई स्वतः सांगत. आजचा बदल बटणाआड होतो, दुसऱ्या दिवशी काढणाऱ्यालाही आठवत नाही, आणि नातवंडांना तर कळण्याचा मार्गच नाही. बलूनमधली न झालेली सफर ज्यांना आठवू लागली, ती माणसे एका बनावट फोटोमुळे फसली होती. ज्या मुलाच्या लहानपणीचे सगळेच फोटो थोडेथोडे सुधारलेले असतील, त्याच्या आठवणीचे काय होईल, याचा विचार आपण आजच केला पाहिजे. फोटो सुधारायला माझा विरोध नाही, पण मूळ प्रत ठेवावी आणि बदलल्याची नोंद करावी, एवढी शिस्त घराघरात रुजली पाहिजे.

या सगळ्या आग्रहाला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. विसरणे हाही माणसाचा हक्क आहे. नवऱ्याचा जाच सोसून घराबाहेर पडलेल्या बाईने लग्नाच्या फोटोतून त्याचा चेहरा कात्रीने कापून टाकला असेल, तर तो फोटो पुन्हा अखंड करण्याचा अधिकार कोणत्याही इतिहासप्रेमीला नाही. त्या कापलेल्या कडेत तिचे म्हणणे आहे. मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण आंघोळीचे, रडण्याचे, आजारपणाचे फोटो आई-वडील सर्वांसमोर टाकतात तेव्हा त्या मुलाला कोणी विचारलेले नसते. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या प्रतिमेच्या हक्कासाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यात पालकांवर मुलांच्या खासगीपणाचा आदर राखण्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपन्यांना पालकांची संमती घ्यायला सांगतो, पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे पालकच फोटो प्रसिद्ध करत असतील, तर मुलाची बाजू घेणारे या कायद्यात फारसे काही नाही.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच नोंद करणे आणि प्रसिद्ध करणे या दोन गोष्टी मी कटाक्षाने वेगळ्या ठेवतो. नोंद पुढे येणाऱ्यासाठी असते. ती आज चार लोकांनी पाहावी अशी गरज नसते. गंमत म्हणून गटावर फिरवलेल्या फोटोपेक्षा पेटीत ठेवलेला, मागे नावे लिहिलेला फोटो त्या मुलाच्या हिताचा आहे. आणि सगळेच जपायचे नाही, हे तर त्यात आलेच. एका वर्षातल्या हजारो फोटोंतून पन्नास निवडून, ते छापून, त्यांची नावे लिहिली, तर बाकीचे गेले तरी फार बिघडणार नाही. पूर्वी ही निवड बारा फोटोंच्या रोलने करून दिली होती, आता ती आपण स्वतः करायची आहे.

आता सार्वजनिक बाजूकडे वळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या सरदार-इनामदार घराण्यांचे दप्तर वाड्यांच्या माळ्यांवर कुजत होते, वाळवीला आणि वाण्याच्या पुड्यांना जात होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, घरमालकांच्या विनवण्या करून ते कागद मिळवले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून छापले, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्या कागदांचे मोल त्यांच्या मालकांना कळले नव्हते. ते गोळा करणाऱ्याला कळले. विसाव्या शतकातल्या साध्या मराठी माणसांचे असे दप्तर बहुधा लिहिलेलेच नाही. त्यांचे दप्तर म्हणजे त्यांचे फोटो: कपडे, दागिने, घरांची रचना, गावाचा पार, सणाची मांडणी, बाई कोठे उभी आणि पुरुष कोठे बसलेला, हे सारे त्यांतच आहे. राजवाड्यांनी सरदारांच्या कागदांसाठी जे केले, ते आज शेतकरी, कामगार, शिक्षक, परिचारिका यांच्या फोटोंसाठी करण्याची गरज आहे.

याला नव्या इमारती नकोत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये गावोगाव आहेत. त्यांनी वर्षातले काही रविवार या कामाला द्यावेत. लोकांनी घरचे पाच-दहा फोटो आणावेत, ग्रंथालयाने ते तिथल्या तिथे स्कॅन करून मूळ फोटो लगेच परत द्यावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे समोर बसलेल्या माणसाला विचारून नोंद करावी, शक्य असेल तर त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. फोटो कोणी पाहायचा आणि कधीपासून, हे देणाऱ्याने ठरवावे. असे काम होऊ शकते हे सिद्ध झालेले आहे. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ लोकांच्या घरातले फोटो त्यांच्या गोष्टींसह गोळा करतो, आणि काठमांडूची ‘नेपाल पिक्चर लायब्ररी’ २०११ पासून हेच काम करत आहे. मराठीत, तालुक्याच्या पातळीवर, गावच्या माणसांनी गावच्या माणसांसाठी केलेले असे काम मात्र अद्याप व्हायचे आहे.

प्रत दुसरीकडे असणे का गरजेचे आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये तेच घडले. धान्य आणि भांडी पुन्हा घेता येतात. भिजलेल्या अल्बमांचे काय करायचे हे आपल्या मदतकार्यात कोणी सांगत नाही, आणि चिखलाने माखलेले फोटो कचऱ्याच्या गाडीत जातात. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी गाळातून सापडलेले लाखो फोटो धुऊन, वाळवून, मालकांपर्यंत पोचवण्याचा प्रयत्न केला. त्यातले तंत्र अवघड नाही: चिकटलेले फोटो कोरडे ओढायचे नाहीत, स्वच्छ थंड पाण्यात हलकेच सुटे करायचे, आणि सावलीत चित्राची बाजू वर ठेवून वाळवायचे. ज्या शाळेत पूरग्रस्तांसाठी जेवणाची सोय होते तिथेच एका वर्गात हेही करता येईल.

आणि सर्वांत घाईचे काम स्टुडिओंचे आहे. तालुक्याच्या गावांतले, तीन-तीन पिढ्या चाललेले स्टुडिओ एकामागून एक बंद होत आहेत. त्यांच्या पोटमाळ्यावर निगेटिव्हच्या खोक्यांच्या चळती असतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्यासोबत एक जाड नोंदवही असते, जिच्यात निगेटिव्हचा क्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाचे नाव आणि गाव ओळीने लिहिलेले असते. प्रत पुन्हा हवी असेल तर शोधता यावी म्हणून ठेवलेली ती वही आज त्या संपूर्ण परिसरातल्या माणसांच्या चेहऱ्यांना नावे देणारे एकमेव साधन आहे. दुकान विकताना निगेटिव्ह भंगारात जातात आणि वही रद्दीत जाते; क्वचित कोणी हौशी संग्राहक निगेटिव्ह उचलतो, पण वही मागे ठेवतो. तालुक्याच्या ग्रंथालयाने, महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने किंवा नगरपालिकेने आपल्या गावातल्या जुन्या स्टुडिओंची यादी या वर्षीच करावी, मालकांना भेटावे, आणि त्यांच्या कुटुंबाची संमती घेऊन खोकी आणि वही एकत्रच ताब्यात घ्यावीत, दोन्ही वेगळी होऊ देऊ नयेत. मालक हयात असतील तर त्यांच्याशेजारी बसून ती वही पानापानाने वाचून घ्यावी, कारण ‘पाटील, वरची आळी’ म्हणजे कोणते घर, हे त्यांच्याखेरीज आता कोणाला सांगता येणार नाही.